स्वस्तातल्या कार्बाइनचा ट्रिगर बदलायचाय? आधी क्रम नीट समजून घ्या

एआर-१५ पद्धतीची बजेट कार्बाइन घेतली की पहिल्या महिन्यातच तिचा ट्रिगर डोक्यात जायला लागतो. ओढताना वाळू रगडल्यासारखं वाटतं, मध्येच अडकतो, आणि नक्की कधी सुटणार ते कळतच नाही. मग माणूस नवीन ट्रिगर मागवतो, एखादा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघतो, अर्ध्या तासात बसवून टाकतो आणि थेट रेंजवर जातो. लोचा नेमका इथेच होतो. ट्रिगर बसवणं हे अर्धंच काम आहे, बसवल्यानंतरची तपासणी हे उरलेलं अर्धं, आणि बहुतेक जण ते करतच नाहीत किंवा चुकीच्या क्रमाने करतात.

हे सगळं अमेरिकेत, कायदेशीररीत्या स्वतःच्या मालकीची सेमी-ऑटो कार्बाइन असलेल्यांसाठी आहे. आणखी एक, मराठीत चाप कोण कशाला म्हणतं आणि घोडा कोण कशाला याचा पत्ता नसतो, कुणी ट्रिगरला घोडा म्हणतं कुणी हॅमरला, म्हणून इथे सरळ ट्रिगर (बोटाने ओढायचा तो) आणि हॅमर (आतून फायरिंग पिनवर आपटतो तो) असेच शब्द वापरतोय. या कामात त्या दोघांची गल्लत परवडणारी नाही.

## १. विकत घेण्याआधी

आधी स्वतःला विचारा की ट्रिगर खरंच खराब आहे का नुसता कोरडा आणि घाण आहे. फॅक्टरीतून येतानाचं ते जाड तेल पुसा, हॅमर आणि ट्रिगर जिथे एकमेकांना धरतात तिथे ग्रीसचा बारीक ठिपका लावा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री करून दोनेकशे वेळा ड्राय फायर करा, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर ओढा. एआरला त्याने काही होत नाही. बऱ्याच गन्सचा रखरखीतपणा एवढ्यावरच निम्मा होतो. तरी समाधान नसेल तर पुढे चला.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे सुटा सेट, यात ट्रिगर, हॅमर, डिसकनेक्टर (गोळी उडाल्यावर ट्रिगर सोडेपर्यंत हॅमर धरून ठेवणारा तुकडा) आणि स्प्रिंगा वेगवेगळ्या येतात आणि जुन्यासारख्याच बसवायच्या असतात. दुसरा कॅसेट, यात सगळं एका छोट्या डबीत आधीच जोडलेलं असतं, ती डबी लोअरमध्ये (गनचा खालचा अर्धा भाग, ज्यात ट्रिगर बसतो) ठेवायची आणि पिना घालायच्या. कॅसेट सोपी वाटते आणि आहेही, पण तिच्या स्वतःच्या दोन भानगडी आहेत, त्या पाचव्या पायरीत.

दुसरा प्रश्न सिंगल स्टेज का टू स्टेज. सिंगल स्टेजमध्ये ओढायला लागलं की लगेच भिंत लागते. टू स्टेजमध्ये ट्रिगर आधी थोडा हलका मागे येतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थोडा जोर दिला की सुटतो. माझं मत विचाराल तर सगळ्या कामाला एकच कार्बाइन असेल तर साडेचार पाउंडाच्या (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा) आसपासचा टू स्टेज घ्या. बजेट गनचा फॅक्टरी ट्रिगर साधारण ६ ते ८ पाउंडाचा असतो, त्यापुढे साडेचारसुद्धा लोण्यासारखा वाटतो. तीन पाउंडाच्या खालचे ट्रिगर बाकावरून कागदाचं टार्गेट मारणाऱ्यांसाठी ठीक, पण थंडीत हातमोजे घालून किंवा धावपळीत तोच ट्रिगर तुम्ही तयार नसताना सुटेल.

घेण्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा.

पिनचा व्यास. आजच्या जवळपास सगळ्या एआर लोअरमध्ये हॅमर आणि ट्रिगरच्या पिना ०.१५४ इंचाच्या असतात, पण काही जुन्या कोल्ट लोअरमध्ये ०.१७० इंचाच्या आहेत. कॅलिपर नसेल तर मॅन्युअल बघा.

कार्बाइन ९ एमएमची ब्लोबॅक आहे का, म्हणजे जिचा बोल्ट (गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) लॉक न होता नुसत्या वजनावर थांबतो अशी. असेल तर "९ एमएमला चालतो" असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलाच ट्रिगर घ्या. ब्लोबॅकमधला जड बोल्ट हॅमरला फार जोरात मागे हाणतो आणि साध्या ट्रिगरच्या पिना आणि हॅमर त्यात मोडू शकतात.

इशारा: स्प्रिंग कापणं, स्प्रिंगचे पाय वाकवणं, सिअरला (हॅमर धरणारी ट्रिगरची कड) पॉलिश पेपर मारणं, यातलं काहीही करू नका. या भागांचा कडकपणा बऱ्याचदा फक्त वरच्या पातळ थरात असतो, तो घासला गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि भराभर झिजतो. सुरुवातीला ट्रिगर झकास लागतो आणि काहीशे गोळ्यांनंतर हॅमर धरेनासा होतो. पैसे वाचवायचे असतील तर ट्रिगर बदलूच नका, पण घासू नका.

## २. टेबल मांडणं

हत्यारं फार लागत नाहीत. पिनपेक्षा किंचित बारीक पंच (१/८ इंचाचा चालतो), पितळी किंवा नायलॉनची छोटी हातोडी, ग्रिपच्या स्क्रूला बसणारा ॲलन की किंवा लांब स्क्रूड्रायव्हर, मास्किंग टेप, थोडं ग्रीस, सेफ्टी चष्मा, एक कडा असलेला ट्रे, आणि एक मोठी पारदर्शक झिपची पिशवी. पिशवी कशाला? स्प्रिंग उडू शकते असं काम पिशवीत हात घालून करायचं, म्हणजे ती सोफ्याखाली जात नाही. हसू नका, सिलेक्टरची (सेफ आणि फायर बदलायचा खटका) ती इवलीशी स्प्रिंग शोधत मी गुडघ्यांवर एक संध्याकाळ घालवलीय.

जमलं तर ट्रिगर मोजायचा गेजही आणा, "हलका झाला असं वाटतं" यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मॅगझिनमधल्या, खिशातल्या, ड्रॉवरमधल्या, सगळ्या. मॅगझिन काढा, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) तीनदा ओढा, बोल्ट मागे लॉक करा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग बोट घालूनही बघा. क्रम हाच ठेवा, मॅगझिन आधी. मॅगझिन आत असताना बोल्ट ओढत बसलात तर प्रत्येक वेळी नवीन गोळी चेंबरमध्ये जाते, आणि असे अपघात अनुभवी माणसांकडूनही होतात.

## ३. जुन्याची नोंद

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि नंतर पस्तावतात. गन रिकामी आहे हे परत बघा, मग अप्पर (नळी आणि बोल्ट असलेला वरचा अर्धा भाग) बाजूला काढून जुन्या ट्रिगरवरच सहाव्या पायरीतली पूर्ण तपासणी एकदा करून घ्या, पण खालचा इशारा आधी वाचा. कारण क्लिक कसा ऐकू येतो, हॅमर कुठे अडकतो, हे चालू असलेल्या ट्रिगरवर एकदा अनुभवलं असेल तरच नवीन ट्रिगरवर काय चुकतंय ते कळेल. गेज असेल तर अप्पर काढण्याआधीच ते ट्रिगरच्या वळणाच्या मध्यावर लावून सरळ मागे ओढत दहा वेळा मोजा आणि सरासरी लिहून ठेवा.

मग लोअरच्या आतले तीन-चार फोटो घ्या. एक वरून, एक डावीकडून, एक हॅमर कॉक (मागे ओढून अडकवलेला) असताना, एक हॅमर पुढे असताना. स्प्रिंगचे पाय कुठे टेकलेत ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे, नसेल तर टॉर्च लावून परत घ्या.

इशारा: अप्पर काढलेला असताना हॅमर मोकळा सोडू नका. समोर बोल्ट नसतो, हॅमर थेट लोअरच्या ॲल्युमिनियमवर आणि बोल्ट कॅचवर (बोल्ट मागे अडकवून धरणारा खटका) आदळतो आणि खड्डा पाडतो. ट्रिगर ओढताना दरवेळी हॅमर अंगठ्याने धरायचा आणि हळूच पुढे आणायचा. ही सवय आत्ताच लावून घ्या, पुढे वीस वेळा लागणार आहे.

## ४. जुना बाहेर काढणं

हॅमर अंगठ्याने धरून पुढे सोडा. चष्मा घाला. पुढची पिन हॅमरची, मागची ट्रिगरची. आधी हॅमरची पिन पंचने ढकला आणि दुसऱ्या हाताने हॅमर दाबून धरा, कारण पिन सुटली की तो स्प्रिंगच्या जोरावर वर उडतो. पिनला हातोडीने ठोकावं लागत असेल तर थांबा, ती बोटाच्या जोराने किंवा एका हलक्या टिचकीने निघायला हवी.

आता ग्रिप, आणि ग्रिप काढताना लोअर उलटा धरायचा. सिलेक्टरला जागेवर धरणारी छोटी स्प्रिंग आणि तिच्यावरची डिटेंट (सिलेक्टर जागेवर अडकवणारी छोटी खुंटी), हे दोन्ही ग्रिपनेच दाबून धरलेलं असतं. लोअर सरळ धरून ग्रिप सैल केलीत तर दोन्ही जमिनीवर. उलटा धरा, स्क्रू काढा, ग्रिप सरळ वर उचला, स्प्रिंग आणि डिटेंट काढून ट्रेमध्ये ठेवा. मग सिलेक्टर डावीकडून बाहेर सरकतो. त्यानंतर ट्रिगरची पिन काढा, ट्रिगर आणि डिसकनेक्टर एकत्रच हातात येतील.

जुने सगळे भाग एका पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख. काही राज्यांत ग्रिपबद्दल वेगळे नियम आहेत, तिथे राहत असाल तर परत बसवताना तीच ग्रिप तशीच बसली पाहिजे हे लक्षात ठेवा.

लोअरचा रिकामा खड्डा पुसून घ्या आणि नवीन पिना नुसत्याच भोकांतून घालून बघा. सहज गेल्या पाहिजेत. जात नसतील तर भोकाच्या कडेला रंग किंवा कोटिंगचा थर साचलाय का बघा, तो लाकडी काडीने निघतो. ड्रिल मशीनला हात लावू नका. एकदा मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही, आणि ट्रिगर-हॅमरमधलं अंतर त्या दोन भोकांवरच ठरतं.

## ५. नवीन बसवणं

### सुटा सेट असेल तर

डिसकनेक्टरची स्प्रिंग एका टोकाला रुंद असते. रुंद टोक खाली, ट्रिगरमधल्या खळगीत, दाबून बसवायचं. उलटी घातली तर ती तिथे धरत नाही आणि रिसेट (ट्रिगर सोडल्यावर हॅमर परत ट्रिगरवर येणं) कधी होतो कधी नाही.

ट्रिगरची स्प्रिंग बघा: तिचा आडवा वाक ट्रिगरच्या पुढच्या भागाखाली आणि दोन्ही पाय पुढच्या दिशेला, लोअरच्या तळावर टेकलेले. चुकलं तर लगेच कळतं, ट्रिगर ओढल्यावर परत पुढे येत नाही.

ट्रिगर आणि डिसकनेक्टर लोअरमध्ये घालताना तीन भोकं एका रेषेत धरणं ही हातांची कसरत असते. सेटसोबत आखूड स्लेव्ह पिन आली असेल तर ती वापरा, ती ट्रिगर आणि डिसकनेक्टरला एकत्र धरते, आणि खरी पिन बाहेरून घातली की ती दुसऱ्या बाजूने ढकलली जाते.

मग हॅमर. जास्तीत जास्त चुका इथेच होतात. हॅमरच्या स्प्रिंगचा आडवा वाक हॅमरच्या दांड्याच्या मागच्या बाजूला असतो, आणि तिचे दोन्ही पाय मागे जाऊन ट्रिगरच्या पिनच्या वर टेकतात. त्यातला एक पाय पिनच्या टोकाजवळच्या खाचेत बसला पाहिजे, कारण ट्रिगरची पिन बाहेर सरकू नये म्हणून तोच तिला धरून ठेवतो. हॅमरच्या पिनला मात्र हॅमरच्या आतली एक छोटी स्प्रिंग मधल्या खाचेत पकडते, पिन घालताना बारीक क्लिक जाणवतो, तो जाणवला नाही तर पिन थोडी इकडेतिकडे हलवून बघा. हॅमरची स्प्रिंग उलटी बसली तरी गन वरवर चालते, हॅमर पडतोही, पण मार दुबळा बसतो आणि रेंजवर एक गोळी उडते एक उडत नाही. माणूस मग गोळ्यांच्या कंपनीला शिव्या घालतो.

ग्रीस फक्त हॅमरच्या हुकावर आणि ट्रिगरच्या सिअरवर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. टू स्टेजला याची जास्त गरज असते. तेल ओतू नका, ते जळका कचरा धरतं.

### कॅसेट असेल तर

डबी आत ठेवा, भोकं जुळवा, पिना घाला. आता त्या दोन भानगडी.

पहिली म्हणजे कॅसेटमध्ये हॅमरच्या स्प्रिंगचा पाय तुमच्या पिनवर टेकत नाही, तो आतल्या नळीवर असतो, त्यामुळे पिनला धरणारं कुणी नाही आणि ती गोळ्या झाडताना हळूहळू बाहेर येते. म्हणून बहुतेक कॅसेटबरोबर दोन्हीकडून लॉक होणाऱ्या पिना येतात. आल्या असतील तर त्याच वापरा, जुन्या नाही.

दुसरी भानगड तळाच्या सेट स्क्रूंची. काही कॅसेटना असे स्क्रू असतात जे लोअरच्या तळावर दाब देऊन डबीचा खुळखुळ घालवतात. हे दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, डबी हलायची बंद झाली की थांबायचं. कचकचून आवळलेत तर डबी तिरकी होते, पिना अडकतात आणि रिसेट बिघडतो. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ वाळू द्या.

### सिलेक्टर आणि ग्रिप

हॅमर मागे कॉक करा, सिलेक्टर डावीकडून सरकवा. काही ट्रिगरना सिलेक्टर आधी घालावा लागतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं नाही. लोअर परत उलटा, डिटेंटचं टोकदार तोंड सिलेक्टरकडे, तिच्यावर स्प्रिंग, आणि ग्रिप सरळ खाली आणायची म्हणजे स्प्रिंग ग्रिपमधल्या भोकात शिरेल. तिरकी आणलीत तर स्प्रिंग दुमडते, मग सिलेक्टर सैल फिरतो किंवा अर्ध्यावर उभा राहतो. पहिल्या वेळी माझी दुमडली होती आणि मी ग्रिपचा स्क्रू आवळतच राहिलो, म्हटलं घट्ट का होत नाहीये! स्क्रूला जास्त जोर लागत असेल तर उघडून बघा.

## ६. तपासणी, अप्पर न लावता

प्रत्येक वेळी हॅमर अंगठ्यावर झेलायचा.

१. हॅमर कॉक, सिलेक्टर सेफवर. ट्रिगर जोरात ओढा. हॅमर जराही हलता कामा नये.

२. ट्रिगर सोडा, आणि आता सिलेक्टर फायरवर आणा. ट्रिगरला बोट लावू नका. हॅमर जागेवर राहिला पाहिजे. सेफ असताना ओढलेला ट्रिगर फायरवर नेताच आपोआप सुटला, तर ही गन भरलेली असताना कुणाचा तरी जीव घेऊ शकते. इथेच थांबा.

३. आता ट्रिगर ओढा आणि ओढूनच धरा. हॅमर सुटेल, अंगठ्याने झेला, आणि ट्रिगर न सोडता हॅमर परत मागे ढकला. डिसकनेक्टरने त्याला पकडलं पाहिजे.

४. ट्रिगर अगदी सावकाश सोडा. क्लिक ऐकू येईल, हॅमर डिसकनेक्टरवरून ट्रिगरवर येईल, पण पुढे पडता कामा नये. सावकाश हा शब्द महत्त्वाचा आहे, झटकन सोडलं तर काठावरची चूक लपून जाते.

५. परत ओढा, हॅमर पडला पाहिजे.

हे सगळं दहा वेळा करा. नऊ वेळा बरोबर आणि एकदा चुकलं म्हणजे नापास. हॅमर पुढे असताना सिलेक्टर सेफवर जात नाही, घाबरू नका, एआर तशीच असते. पण हॅमर कॉक असतानाही सेफवर जात नसेल तर ट्रिगर आणि सिलेक्टरचं माप जुळत नाहीये. कानस हातात घेऊ नका, ट्रिगर बनवणाऱ्याला फोन करा नाहीतर गनस्मिथकडे न्या.

## ७. तपासणी, अप्पर लावून

गोळ्या अजून दुसऱ्या खोलीतच आहेत ना? बघून या.

अप्पर लावा. आता ट्रिगर ओढून धरा, तसाच धरून चार्जिंग हँडल पूर्ण मागे ओढून सोडा, मग ट्रिगर सावकाश सोडा, रिसेटचा क्लिक ऐका, परत ओढा, हॅमर पडल्याचा आवाज आला पाहिजे. बोल्ट आपटताना सगळं टिकतं का ते इथे कळतं.

मग रिकामं मॅगझिन लावून बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन काढा आणि बोल्ट कॅच दाबून बोल्ट सोडा. फायरवर ठेवून, ट्रिगरला हात न लावता. दरवेळी नंतर ट्रिगर ओढून बघायचं: टक् आवाज आला तर हॅमर जागेवर होता, नाही आला तर बोल्टच्या धक्क्यानेच तो पडलेला होता. दहा वेळा.

शेवटी गन कॉक करून दस्ता रबरी मॅटवर वीतभर उंचीवरून काही वेळा आपटा आणि परत ट्रिगर ओढून टक् ऐका. हलका ट्रिगर या चाचणीत नापास होऊ शकतो.

इथपर्यंत पास झालं की गेजने दहा वेळा मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा. बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा बराच हलका आला तर खुश होऊ नका, काहीतरी चुकीचं बसलंय.

## ८. रेंजवर पहिल्या तीन पायऱ्या

पहिल्यांदा भरलेलं मॅगझिन लावू नका. मॅगझिनमध्ये एक गोळी, झाडा, बोल्ट मागे थांबला का बघा. मग दोन. मग तीन. कारण गन चुकून एका ओढीत दोनदा उडालीच तर मॅगझिनमध्ये उडायला फार काही शिल्लक नको. नळी कायम बर्मकडे (टार्गेटमागचा मातीचा बांध), कारण दुसरी गोळी उडाली तर ती उडेपर्यंत नळी वर उचललेली असते.

दुहेरी उडाली तर लगेच बंद. मॅगझिन काढा, रिकामी करा, पिशवीत टाका आणि गनस्मिथकडे जा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात एका ट्रिगर ओढीत आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या, हीच मशीनगनची व्याख्या आहे, त्यामुळे "अजून एकदा बघूया" हा प्रयोग जिवालाही आणि कायद्यालाही महागात जातो.

तीनही नीट झालं की दहा-दहाच्या मॅगझिनने पन्नासेक गोळ्या झाडा आणि पहिल्या काही पुंगळ्या उचलून प्रायमरवरचा (पुंगळीच्या बुडातली पेट घेणारी टोपी) खड्डा बघा. मध्यभागी, खोल आणि सगळ्यांवर सारखा हवा. उथळ दिसला किंवा एखादी उडालीच नाही तर आधी हॅमरची स्प्रिंग उलटी आहे का ते बघा. ती बरोबर असेल आणि ट्रिगरबरोबर आलेली हलकी स्प्रिंग लावली असेल तर जड लावा, मिलिटरी गोळ्यांचे प्रायमर कडक असतात आणि हलक्या हॅमरला दाद देत नाहीत.

घरी आल्यावर दोन्ही पिना बाहेरून बघा, दोन्ही बाजूंना लोअरच्या पातळीत आहेत का. कॅसेट असेल तर सेट स्क्रू आणि ग्रिपचा स्क्रू सैल झालेत का तेही तपासा. शंभर-दीडशे गोळ्यांनंतर सहाव्या पायरीतले पाच मुद्दे परत एकदा करा, नवीन भाग एकमेकांवर घासून बसतात तेव्हा जे बिघडायचं ते साधारण याच सुमारास बिघडतं. तोवर जुन्या ट्रिगरची ती नाव-तारखेची पिशवी फेकू नका.